छायाबाईंची पूर्तता

छायाबाई गेल्याचं मला शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मीही तसेच दोन हात टाकले आणि फोन पालथा ठेवला... त्याला आता दीड महिना होईल. खरं तर बाईंविषयी लिहायचा मला अधिकार नाही. पण गप्प बसलो तर आणखी लाज वाटेल, म्हणून लिहितो.

मी केंद्रप्रमुख होतो तेव्हा बाई बेडशाजवळच्या एका वाडीवर पहिलीला शिकवायच्या. मुळाक्षरं घोकून घेणं त्यांना पटत नसे. आधी अक्षराचा आवाज, क्रम मागाहून. मुलांना तोंडापुढे तळहात धरायला लावून त्या 'क' आणि 'ख' म्हणवून घेत आणि हाताला वारा कधी लागला ते विचारत. "ख म्हनताना लागला, बाई," पोरं ओरडायची. मग आवाजाला आवाज जोडून शब्द. माझ्या तपासणीच्या दिवशी एक चिमुरडी चिक्कीच्या रिकाम्या खोक्यावरचं सगळं, अगदी दुकानाच्या पत्त्यासकट, खणखणीत वाचत होती. मी तिला मध्येच थांबवलं आणि मुळाक्षरं ओळीने म्हणायला सांगितलं. ती तिसऱ्याच अक्षराला अडली, रडवेली झाली. मी शेरेबुकात लिहिलं, 'मुलांना मुळाक्षरे येत नाहीत. शिक्षिकेने सुधारणा करावी.' बाई काही सांगू पाहत होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं.

काही वर्षांनी तीच पद्धत वरून आली. लोणावळ्याच्या प्रशिक्षणात ती समजावायचं काम माझ्याकडे होतं. तळहाताची युक्ती सांगून मी टाळ्या घेतल्या. कुणाच्या वर्गात पाहिली, ते मात्र गिळलं. बाई मागच्या रांगेत होत्या. सगळ्यांबरोबर त्यांनीही निमूट तोंडापुढे हात धरला... जेवताना मी त्यांची नजर चुकवत होतो, तर त्याच जवळ आल्या. म्हणाल्या, "साहेब, मुलं वाचती झाली म्हणजे झालं." माफी मागायची ती वेळ होती. मी ताटात भात वाढून घेतला.

गेल्या आठवड्यात त्या वाडीवर जाऊन जुनं शेरेबुक मागून घेतलं. शेऱ्यावर काय केलं, ते शिक्षकाने खाली लिहायचं असतं. त्याला पूर्तता म्हणतात. माझ्या शेऱ्याखाली बाईंच्या गोल अक्षरात दोन ओळी होत्या. 'क्रम पाठ करून घेतला. वाचता आधीपासूनच येत होते.'

त्याखाली, पुढच्या भेटीतली, 'पाहिले' असं लिहून केलेली माझी सही. आयुष्यभर मुलांचं वाचन तपासत हिंडलो आणि त्या दोन ओळी मी वाचल्याच नव्हत्या.