निळ्या दिव्याचं मशीन

कॉलनीतल्या मंडळींनो, आमचं पाणी शुद्ध करायचं नवं मशीन कसं आहे म्हणून सकाळपासून सगळे विचारताहेत. प्रत्येकाला सांगायचं जिवावर येतंय, म्हणून हा कागद फळ्यावर लावतोय.

मशीन बसलं. मेकॅनिक कागलचा, बोलका. नळाला पाईप जोडून म्हणाला, "पावणं, आत ह्यो निळा दिवा हाय. ह्यो जळतोय तवर पाणी चांगलं. इझला की प्यायचं न्हाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझा धाकटा भाऊ काविळीनं गेला, त्याचं तेरावं परवाच झालं. तेवढे दिवस त्याच्या जागेवरचा दिवा विझू नये म्हणून ती धड झोपलीच नव्हती.

तिनं विचारलं, "ह्यात तेल कवा घालायचं?"

मेकॅनिक हसला. "तेल न्हाय लागत, आजी. लाईटवर चालतोय की."

मला हसूही आलं नाही. त्याच्या वहीत सही करून दिली.

दुपारी लाईट गेली. आई समई लावून मशीनपाशी जाऊन बसली. लाईट कधीच आली, निळा दिवाही लागला. ती अजून समईत तेल घालतेय.

पाणी चांगलं आहे. तुम्ही तेवढंच विचारलं होतं ना?