बोअरचं पाणी

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते आमच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर, मामाजी. शुद्ध पाण्यावर विश्वास नसलेला प्रयोगशाळेतला हा एकमेव माणूस. मशीनमधून थेंब थेंब गळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरला ते 'मेलेलं पानी' म्हणत.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. नागऱ्याहून सायकलनं गोंदियाला यायचो. धानाच्या मोडांतून एक एन्झाइम वेगळं काढायचं आणि ते स्टार्च किती वेगानं फोडतं हे मोजायचं, हा माझा पीएचडीचा विषय. नळीत आयोडीन टाकलं की स्टार्च निळा दिसतो. एन्झाइम चाललं तर निळेपणा जातो, एवढं साधं काम.

आमच्याकडे परीक्षानळ्या मामाजींशिवाय कुणी धुवायच्या नाहीत, असा रिवाज होता. कुणी बेसिनकडे वळला की ते म्हणत, "तू आपला शिक ना बाबू. धुवाले मी हावो."

दोन वर्षं प्रयोग नीट चालला. मग मामाजी मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेले आणि नळ्या मीच धुतल्या, अगदी पुस्तकाप्रमाणे. आठही दिवस नळ्या निळ्याच राहिल्या. मामाजी परतले आणि दुसऱ्याच दिवशी एन्झाइम पुन्हा चालू! मला काही कळेना. देवरीची सरिता माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. ती म्हणाली, "लग्नाचे लाडू त्यालेही भेटले असतीन."

शेवटी मी मामाजींवर नजर ठेवली. शुद्ध पाण्यानं नळ्या विसळून झाल्यावर ते लाल मग घेऊन बोअरच्या नळाकडे गेले आणि प्रत्येक नळीत ते पाणी फिरवून आले.

"मामाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"धुऊन राहिलो. दिसत नाही का?"

"पण शुद्ध पाण्यानंतर बोअरचं पाणी कायले?"

"आटवून आटवून काहाडलेलं पानी ते. त्यात का जीव राह्यते? माह्या आज्यानं गावाचा तलाव बांधला, तवा आधी पानी चाखून पाह्यलं होतं. तू चाखलं का कधी मशीनचं?"

मी चाखलं नव्हतं. मी घाबरलो होतो. दोन वर्षांचे आकडे घाणेरड्या नळ्यांतले निघाले, तर माझी पदवी गेली. मी तसाच माझ्या गाइड मॅडमकडे गेलो आणि सांगून टाकलं.

मामाजींना बोलावून मॅडम चिडल्या. "दोन वर्षांचं काम पाण्यात घातलंत तुम्ही!"

मामाजी खाली पाहत म्हणाले, "पानी तं चांगलं होतं, मॅडम."

त्यांना खालच्या भांडारात बसवलं. सहा महिन्यांनी ते तिथूनच निवृत्त झाले. निरोपाला मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं, ते सुचलं नाही. लाल मग बेसिनजवळच राहिला.

त्या सहा महिन्यांत माझ्या एकाही नळीचा निळेपणा गेला नव्हता. एके दिवशी वैतागून मी त्याच मगात बोअरचं पाणी आणलं आणि थेंबभर नळीत टाकलं. निळा रंग गेला. मॅडमनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा गेला. मग त्यांनी बोअरच्याच पाण्यानं आमच्या चहाच्या भांड्याच्या तळाशी बसलेला पांढरा थर नखानं खरवडला आणि माझ्याकडे पाहिलं. कॅल्शियम! या एन्झाइमला ते लागतं, हे पुस्तकात होतं. परीक्षेत मी लिहिलंही होतं.

आता मी कॅल्शियम मोजून टाकतो आणि प्रयोग रोज चालतो. पण मामाजी चुकले होते की बरोबर होते, हे मला अजून ठरवता येत नाही. मी मात्र चुकलो, एवढं पक्कं. म्हणून बोदलकशाजवळच्या त्यांच्या गावी हे पत्र पाठवलं.

"ती. मामाजींस सा. नमस्कार.

पाणी चांगलं होतं. मॅडमनीही तसंच सांगायला सांगितलं आहे. तुमची तक्रार मीच केली होती, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर आता झालं. माफ करा.

प्रबंध छापायला द्यायचा आहे. तुमचं नाव 'आभार' या पानावर घालावं की 'कार्यपद्धती' या प्रकरणात, ते मला समजत नाही. मॅडम म्हणतात, मामाजींनाच विचार. तुम्ही सांगाल तिथे लिहीन.

तुमचा मग जपून ठेवला आहे. नळ्या आता मीच धुतो. तुमच्यासारख्या होत नाहीत."