वैशाखातलं हीव

माझं अपेंडिक्स दौंडात निघालं ते ऐन वैशाखात. आमच्या वडगाव रासाईत तेव्हा भिंतीला पाठ टेकवत नव्हती, आणि दौंडच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीला नुकताच एसी बसला होता. मग काय विचारता! मी पोट धरून विव्हळतेय आणि भेटायला आलेल्या बाया माझ्या नशिबाचा हेवा करतायत. "मजा हाय बाई, गारव्यात निजायचं!" नणंद म्हणाली. जणू मी महाबळेश्वरलाच निघाले होते.

एसी एका पुढाऱ्यांनी भेट दिलेला. उद्घाटनाला त्यांनी स्वतःच्या हातानं बटण शेवटपर्यंत फिरवलं, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून ते बटण तिथंच. साहेबांनी लावलेलं बटण मागं फिरवायची कुणाची छाती! यंत्राला रोज ताजा हार, पेशंटच्या अंगावर मात्र एक विरलेली चादर.

भूल दिली की माणूस कुडकुडायचंही विसरतो, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. उघड्या पोटातून ऊब निघून जाते, वर सलाईनही गार, तरी शरीर हूं का चूं करत नाही. मी आपली निमूट पडून गोठत होते.

जाग आली तेव्हा दात कडाकडा वाजत होते, खाट खडखडत होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पायाला हात लावला आणि हंबरडाच फोडला, "पाय गार पडलं की गं! चालली माझी पोर!" मला वाटलं, खरंच चालले. घरी रांगती लेक होती, तिचं तोंड डोळ्यांपुढं आलं. आयुष्यात इतकी कधी भ्याले नाही.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आतून धावत आले. आत्याबाईंची नजर त्यांच्या अंगावर गेली. बाहेर ऊन रणरणतंय आणि डॉक्टरांच्या अंगात लोकरीचा स्वेटर!

"काढा त्यो," आत्याबाई म्हणाल्या.

"आजी, आत फार गार असतं हो."

"तुमाला गार लागलं, तुमी स्वेटर चढवला. हिला तुमीच निजवलं, तिनं कुणाला सांगायचं?"

डॉक्टरांनी मुकाट्यानं स्वेटर काढला. आत्याबाईंनी तो माझ्या पायांना गुंडाळला आणि पाय मांडीवर घेऊन बसल्या. सासूच्या मांडीवर सुनेचे पाय! मी लाजून ओढू लागले, तर दटावलं, "गप पड."

डॉक्टर ओशाळले. "बटण साहेबांनी लावलंय, आजी. आम्ही काय करणार?"

"मंग एकदा साहेबांनाच निजवा की त्याच्याखाली," आत्याबाई माझे पाय चोळत म्हणाल्या.