फडक्यावर उरलेले जीव

पोटं केशरी नव्हती. मी टाकीच्या काचेला नाक लावून पुन्हा पाहिलं. एंजल माशांची पिल्लं, तांदळाच्या कणीएवढी, कोपऱ्यात गोळा होऊन लटकत होती. काही तळाशी पडली होती. जिवंत होती त्यांची पोटं खपाटीला गेलेली.

"पाटीलजी, सकाळी खायला घातलंय हो," विमलाजी मागून म्हणाल्या. "तुम्ही दाखवलंत तसंच." आमचं बोलणं हिंदीत चालायचं, इथं मराठीत लिहितोय.

मी जयपूरमध्ये घरोघरच्या फिशटँकचं मेंटेनन्स करतो. वडील रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन आले आणि आम्ही इथलेच होऊन बसलो. आदर्श नगरातलं विमलाजींचं घर माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांचे यजमान, ज्यांना मी भाईसाहब म्हणायचो, माशांचे वेडे. गच्चीवरच्या खोलीत स्वतः पिल्लं वाढवायचे. दिवाळीनंतर ते गेले. ऐन थंडीत त्यांच्या एंजल माशांच्या म्हाताऱ्या जोडीनं अंडी घातली आणि लगेच मादीही मेली. म्हणजे भाईसाहबांच्या हातच्या माशांची ही शेवटची पिल्लं.

"एवढी जगवा," विमलाजी म्हणाल्या होत्या. "मला दुसरं काही नको."

"माझ्याकडे नेतो. तिथं सोय आहे."

"या घरातून जायची नाहीत ती."

आता आली का पंचाईत! पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. मी रोज माझ्या घरून, लांब प्रताप नगरहून उठून तिथं कसा पोचणार? आणि त्यांना पावडर चालत नाही. जे हलतं तेच त्यांना दिसतं. त्यासाठी ब्राइन श्रिंप लागतात. ही खाऱ्या पाण्यातली, कोळंबीची लांबची भावंडं. त्यांची अंडी डब्यात मिळतात, तपकिरी पूड दिसते नुसती. वर्षानुवर्षं कोरडी राहतात, मिठाच्या पाण्यात पडली की जागी होतात. विमलाजींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे जिवंत?" मी हो म्हटलं. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. घर जैन, सूर्य मावळला की स्वयंपाकघर बंद. मी आपला बाटली कापण्यात दंग.

ही अंडी उबवायची हॅचरी म्हणजे काही रॉकेट नव्हे. कोल्ड्रिंकची मोठी बाटली घ्यायची, बूड कापायचं, उलटी टांगायची. झाकणाला भोक पाडून छोटा कॉक, म्हणजे तोटी, बसवायची. आत पाणी, सांभरचं जाडं मीठ, चमचाभर अंडी. एअरपंपाची नळी तळापर्यंत सोडून बुडबुडे चालू ठेवायचे. पहिली खेप वाया गेली. जयपूरचा जानेवारी, अंडी कशाची फुटतात! मग मी शेजारी बल्ब टांगला. दुसऱ्या दिवशी बाटलीत केशरी धूळ नाचत होती.

मग खायला घालायचं कसं ते दाखवलं. पंप बंद करायचा. टरफलं वर तरंगतात, जीव खाली जमतात. कॉक उघडून पाणी मगात घ्यायचं, फडक्यातून गाळायचं, खारं पाणी ओतून द्यायचं आणि फडक्यावर उरलेलं टाकीत झटकायचं. मी खिशातून रुमाल काढला तर विमलाजींनी खालून दुहेरी पांढरं फडकं आणलं. त्यांच्याकडे पिण्याचं पाणी रोज त्यातून गाळतात. मी खूश झालो. म्हटलं चला, हात तयार आहे, शिकवायला नको.

आणि आता ही खपाटीची पोटं. श्रिंप खाल्ले की पिल्लाचं पोट केशरी दिसतं, लपत नाही. मी बोट बुडवून टाकीचं पाणी चाखलं. खारट. बाटलीकडे पाहिलं. सकाळी उपसलेली बाटली विरळ दिसायला हवी, ती गच्च भरलेली.

"विमलाजी, माझ्यासमोर एकदा घाला बघू."

त्यांनी पंप बंद केला. मगात पाणी घेतलं, गाळलं. सगळं बरोबर. मग फडकं अलगद उचललं, बाटलीवर उलटं धरलं आणि वरून वाटीभर मिठाचं पाणी सोडलं. फडक्यावरचे सगळे जीव परत बाटलीत. खालचं गाळलेलं पाणी त्यांनी टाकीत ओतलं.

जैन घरात पाणी गाळलं की फडक्यावर जे राहतं ते फेकत नाहीत. ज्या पाण्यातून आलं त्याच पाण्यात परत सोडतात, जीव वाचावा म्हणून. ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं या शहरात काढलीत मी!

"सवयीनं झालं का?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"पहिल्या वेळी सवयीनं," त्या म्हणाल्या. "हात आपोआप वळला. नंतर कळत होतं. ती उपाशी आहेत हेही दिसत होतं. पण फडकं टाकीवर धरलं की हात उलटा होईना." त्या स्टुलावर बसल्या. "ते हे काम वर गच्चीत करायचे. मी कधी वर गेले नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आमचं असंच ठरलेलं होतं. आता वर जायला मीच उरले."

मी स्वतः फडकं झटकलं. पिल्लांसमोर केशरी ढग पसरला. एकानंही तोंड उघडलं नाही. उपासानं फार खचली की समोर आलेलंही खात नाहीत. संध्याकाळपर्यंत बसलो. एकेक तळाला गेलं. विमलाजी पदर तोंडाला लावून रडत होत्या, आणि मला त्यांचा राग यायचा तो येईना.

निघताना त्यांनी बाटलीकडे बोट केलं. "हे तरी जगतील ना?"

"बघतो," म्हणालो आणि बाटली स्कूटरवरून घरी आणली. त्या जिवांना खायला रोज चिमूटभर यीस्ट घालत बसलो. बायको म्हणाली, "अहो, माशांचा खाऊ पाळताय? डोकं फिरलंय का तुमचं?" पण पाणी बिघडलं तेव्हा बदलायला तीच उठली. काही उपयोग झाला नाही. आठवडाभरात बाटली पांढुरकी झाली, आत हालचाल नाही.

विमलाजींचा फोन आलाच. बायको खुणेनं म्हणत होती, सांगा जगले म्हणून, काय जातंय तुमचं? पण जीभ रेटेना. "तेही गेले," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "टाक्या घेऊन जा, पाटीलजी. सगळ्या."

नेल्या. आता नव्या घरी टाकी बसवायला गेलो की पाण्याचं, लाइटचं नंतर बोलतो. आधी विचारतो, खायला कोण घालणार? आणि त्या माणसाबरोबर आधी चहा पितो, त्याचा हात कुठं अडेल ते कळावं म्हणून.