चार तासांत पूर्ववत

बरकतपुऱ्याच्या प्रमिला उमरीकर कॉम्प्युटर शिकल्या त्या नाइलाजाने. औषधांच्या एका घाऊक एजन्सीत त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. मालक यादगिरी सेठनी पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याला हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून तो यांच्या टेबलावर आला. पुढे एकाचे अठरा कॉम्प्युटर झाले, सगळा हिशेब, साठा आणि ऑर्डरी सांभाळणारा सर्व्हर आला, आणि प्रमिलाताई आयटी हेड झाल्या. हाताखाली कुणीच नव्हतं, पण दारावर पाटी होती.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयाने एजन्सीला कळवलं की औषधपुरवठ्याचं कंत्राट हवं असेल तर डिझास्टर रिकव्हरी प्लॅन दाखवा. म्हणजे सर्व्हर जळाला, बुडाला, बिघडला तर काम पुन्हा कसं आणि किती वेळात सुरू करणार, ते लेखी द्या. सेठनी प्रमिलाताईंना बोलावून पंधरा दिवस दिले.

“इंटरनेट पे मिल जाता बोलते मॅडम. नाम बदल के प्रिंट मार देव.”

पण प्रमिलाताईंचे वडील आणि आजोबा दोघेही वकील. घरात लेखी म्हटलं की माणसं सावरून बसत. त्यांनी वही घेतली आणि प्रत्येक विभागात जाऊन विचारलं, कॉम्प्युटर बंद पडला तर तुमचं किती वेळ निभेल? विक्रीवाले म्हणाले, एक मिनिटही नाही. खरेदीवालेही तेच म्हणाले. या दोन्ही विभागांत जेवणाची सुट्टी सव्वा तास चालते हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ‘एक मिनिट’ लिहून घेतलं. फक्त गोदामातले मोईनभाई विचार करून बोलले. कुठलं औषध कुठल्या फळीवर आहे ते आपल्याला तोंडपाठ आहे, पण कोणत्या खोक्याची मुदत कधी संपते ते फक्त कॉम्प्युटरला ठाऊक, तेव्हा अर्ध्या दिवसाच्या वर आपण जबाबदारी घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्यासाठी प्रमिलाताईंनी हाताने भरायचे छापील फॉर्म करून घेतले.

रुग्णालयाच्या अर्जात पूर्ववत होण्यासाठी तीन चौकटी होत्या: चार तास, आठ तास, चोवीस तास. सेठनी चारवर खूण केली. कमी आकडा चांगला दिसतो, एवढंच कारण होतं.

अर्जात एक रकाना ‘बॅकअप उघडून तपासल्याची तारीख’ असा होता. तिथे प्रमिलाताई थांबल्या. अकरा वर्षं रोज संध्याकाळी साडेपाचला त्या सर्व्हरवरच्या माहितीची नक्कल एका डिस्कवर उतरवत आणि डिस्क पर्समध्ये घालून घरी नेत. एकही दिवस चुकला नव्हता. पण उघडून मात्र कधी पाहिली नव्हती. खोटी तारीख घालणं जमेना, म्हणून एका शनिवारी दुपारी त्यांनी अडगळीतल्या कॉम्प्युटरवर ती डिस्क लावली.

शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची निघाली.

त्यांनी दोनदा, तीनदा पाहिलं. मग उलगडा झाला. चौदा महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि माहिती नव्या फोल्डरमध्ये साठू लागली होती. नक्कल मात्र जुन्याच फोल्डरची होत राहिली, ज्यात त्या दिवसानंतर कुणी काहीच लिहिलं नव्हतं. रोज साडेपाचला पडद्यावर ‘काम यशस्वी’ अशी पाटी यायची, आणि ती खरीच होती. याच काळात, संक्रांतीला, वर्षभरात काहीही न बिघडल्याबद्दल सेठनी त्यांना शाल घातली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं की चौदा महिने मी खोटं बोलत होते. विठ्ठलराव रेल्वेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते म्हणाले, “तू कुठे बोललीस? मशीन बोललं.”

“पण मान मी हलवली ना,” प्रमिलाताई म्हणाल्या.

सोमवारी त्या सेठपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि चूक कबूल केली. नोकरी जाईल अशी मनाची तयारी होती. सेठनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “चौदा महिने में कुछ हुआ क्या? नै हुआ ना? फिर बॅकअप तो अच्छाच था.” विषय संपला.

प्रमिलाताईंच्या लेखी तो तिथे सुरू झाला. त्यांनी दोन नव्या डिस्क आणवल्या, एक तारनाक्याच्या शाखेत ठेवली, तिथे एक जादा कॉम्प्युटर सर्व्हरचं काम करेल असा तयार केला, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नक्कल उघडून पाहायची असं ठरवलं. प्लॅन बावन्न पानांचा झाला.

रुग्णालयाकडून तो तपासायला ओंकार आला. मूळ पुण्याचा, गच्चीबावलीत राहणारा. उमरीकर हे नाव वाचून मराठीत बोलू लागला, पण प्लॅन इंग्रजीत होता, छापलेलं मराठी वाचायला लागत नाही याचं त्याला बरं वाटलं असावं. त्याने अनुक्रमणिका पाहिली आणि प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक आहे ना ते पाहिलं. एकतिसाव्या पानावर नव्हता, तो घालून घेतला. प्रमिलाताईंनी आपणहून त्याला चौदा महिन्यांची हकीकत सांगितली. त्याचा चेहरा पडला.

“ते नका ना लिहू, मॅडम. फॉरमॅटमध्ये त्याला जागाच नाहीये.”

प्लॅन मंजूर झाला.

पुढल्या जुलैत एका बुधवारी सकाळी नऊला शटर उघडलं तेव्हा सर्व्हरच्या खोलीत घोटाभर पाणी होतं. वरच्या मजल्यावरची टाकी फुटून सगळं पाणी छतातून थेट सर्व्हरवर उतरलं होतं. प्रमिलाताईंनी त्या खोलीची वीज तोडली आणि प्लॅन काढला. पहिलंच कलम होतं: आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार मालकांना.

सेठ जाहीर करेनात. बुधवारी सकाळी सकाळी असला शब्द तोंडातून काढायला ते तयार नव्हते. सर्व्हर गच्चीवर उन्हात ठेवून पाहू, असं त्यांनी सुचवलं. मग धाकट्या भावाला फोन केला, मग पुजाऱ्यांना. पंचवीस मिनिटांनी, रुग्णालयातून औषधांसाठी फोन आला तेव्हा ते म्हणाले, “करो जो करते.”

मग सगळं लिहिल्याप्रमाणे झालं. मोईनभाईंनी छापील फॉर्म काढले आणि पहिली गाडी हाती लिहिलेल्या यादीवर सुटली. प्रमिलाताई रिक्षाने तारनाक्याला गेल्या, पर्समधली आदल्या संध्याकाळची डिस्क लावली, आणि फोनवरून सांगत ऑफिसातले अठरा कॉम्प्युटर एकेक करून तिथल्या जादा यंत्राला जोडून घेतले. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी विक्रीवाल्यांच्या पडद्यावर कालची शेवटची ऑर्डर उमटली. विक्रीवाले तेव्हा जेवायला गेले होते.

एकही नोंद गेली नाही. एकाही रुग्णाचं औषध अडलं नाही. चार तास वीस मिनिटं लागली.

आठवड्याने रुग्णालयाचं पत्र आलं, की कबूल केलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं जास्त लागली, खुलासा करावा. सेठनी ते जसंच्या तसं प्रमिलाताईंच्या नावे फिरवलं आणि खाली सही केली. त्या वर्षी शाल गोदामाच्या वॉचमनला मिळाली, त्याच्या पाळीत काही घडलं नव्हतं.

प्रमिलाताईंनी खुलाशाचा मसुदा तीनदा केला. पहिल्यात पंचवीस मिनिटांचा सगळा तपशील होता, पुजाऱ्यांसकट. तो त्यांनी वाचला, फाडला आणि शेवटी एकच वाक्य पाठवलं: पाणी उपसण्यात वेळ गेला. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

खुलासा पाठवला त्याच दुपारी त्या प्लॅनची दुसरी आवृत्ती करायला बसल्या. पहिल्या कलमातलं ‘मालकांना’ खोडून तिथे ‘पाणी किंवा धूर प्रथम पाहणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्यास’ असं घातलं, प्रत्येक पानावर क्रमांक बदलला आणि सहीसाठी बावन्न पानं सेठपुढे ठेवली. सेठ फोनवर बोलत होते. त्यांनी पहिल्या पानावर सही केली, शेवटच्या पानावर केली, आणि मॅडम, आता तरी चार तासांत होईल ना, असं विचारलं.

“होईल,” प्रमिलाताई म्हणाल्या, आणि कागद उचलून त्यांची एक प्रत मोईनभाईंना द्यायला गोदामाकडे गेल्या.