जितं मखर

कोणतीही वस्तू हाती आली की काका आधी तिला टिचकी मारत आणि कान देऊन म्हणत, "काय म्हणतंय बघूया." नारळाला सगळेच मारतात. काका पापडाला, विटेला, पुस्तकाच्या पुठ्ठ्यालाही मारत. एकदा तर माझ्या सासूबाईंच्या हाताला घातलेल्या प्लॅस्टरलाही मारून मोकळे झाले. तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेलच. त्याच्या खोडीला आपण हसतो आणि चार दिवस तो दिसला नाही की चुकल्यासारखं होतं.

रत्नागिरीत त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. तीस वर्षं त्यांनी थर्माकोलची गणपतीची मखरं केली. गरम तारेनं कापायचं, त्याचा धूर नाकात जायचा, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसे. मग थर्माकोलवर बंदी आली. बाकीचे कारागीर सरकारच्या नावानं बोटं मोडत बसले. काकांचं वेगळंच. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेले असताना भरतीबरोबर परत आलेलं एक पांढरं कमळ त्यांनी ओळखलं होतं. "माज्याच हातचा गो बाय. गेल्या सालचा. कुजला नाय, विरला नाय." हे सांगताना त्यांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

मी इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी चहा पिता पिता बोलून गेले. अळंबी म्हणजे नुसती वर दिसणारी छत्री नव्हे. खरी अळंबी म्हणजे आत पसरलेले पांढरे तंतू. ते तंतू पेंढ्यात वाढवले तर पेंढा घट्ट बांधून ठेवतात, साच्यात वाढवले तर साच्याचा आकार घेतात. मग भाजून वाळवायचं. थर्माकोलसारखं हलकं होतं, आणि मातीत टाकलं की माती. अळंबीच्या बियाण्याची पहिली पिशवीही मीच आणून दिली. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढच्या गोष्टीत माझा वाटा किती ते तुम्हाला कळावं.

काकूंच्या भात उकडायच्या टोपात पेंढा शिजू लागला. "लोक खीर शिजवतत, आमच्याकडं गवत," काकू म्हणायच्या. त्यात बियाणं मिसळून भरलेल्या पहिल्या सगळ्या पिशव्या हिरव्या बुरशीनं खाल्ल्या. आपल्याकडची हवाच अशी, की चपलेवरही बुरशी येते, फक्त हवी ती येत नाही. काका चिडले नाहीत. शेवटी एक कमळ जमलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं पाव काढल्यावर ते भट्टीत ठेवू दिलं. काकांनी त्याला टिचकी मारली, आणि कान लावून पुन्हा पुन्हा मारतच राहिले.

मग त्यांनी घरच्या गणपतीसाठी अख्खं मखर वाढवायला घेतलं. पांढरीशुभ्र महिरप, गालावरून हात फिरवावा इतकी मऊ. चतुर्थीला चार दिवस उरले, तरी काका ते भट्टीत न्यायचं नाव काढीनात.

"भाजलं की ता मरता ना?" त्यांनी विचारलं.

"मरतं. मारायलाच हवं, काका. नाहीतर वाढत राहील."

"मूर्तीत प्राण घालायचा आणि पाठीमागं मेलेला उभा करायचा? माज्याच्यान नाय होणार, बाय."

"आपण फुलंही तोडतोच की."

"फुलां आपली आपण सुकतात. ह्याला आपण भाजून मारणार."

प्रयोगशाळेत दर आठवड्याला बुरशी वाढलेल्या शंभर बशा उकळून मारणारी मी. तरी पंख्याखाली वाळवा, एवढंच म्हणाले. भाद्रपदात रत्नागिरीत पंख्याखाली साधा टॉवेल वाळत नाही, हे मला काय माहीत नव्हतं?

त्यानंतर तिसऱ्या दिवशी महिरपीला कळ्या आल्या. गौरी आल्या त्या दिवशी मखरभर अळंबी उमलली होती. दर्शनाला रीघ लागली. "गौरीच्या तिखटाच्या निवदाला मटणाच्या जागी ह्याचीच भाजी करूया," असं कुणीतरी बाई म्हणाली, तर काकांनी तिला आरतीचा प्रसादच दिला नाही. आरतीला ते मखराला अगदी चिकटून उभे राहत. गणपतीच्या मुकुटावर पिठासारखी पांढरी धूळ बसली होती. लोकांना ती देवाची कृपा वाटली. ते अळंबीचे बीजाणू होते आणि ते छातीत जातात, हे तिथे एकटीला मला माहीत होतं. काकांचा तो चेहरा बघून मी गप्प बसले. तीस वर्षांत ते इतके खूश कधी दिसले नव्हते.

विसर्जनानंतर खोकला सुरू झाला, तो थांबलाच नाही. थर्माकोलच्या धुरानं फुप्फुसं आधीच पोखरलेली, त्यात ही धूळ. डॉक्टरांनी सांगितलं, घरातून सगळं काढून टाका. काकूंनी मला बोलावलं. "तू सांग. तुजा ऐकतत." मी सांगितलं, रागावले, बियाणं द्यायचं बंद केलं. काकांनी मान डोलवली. पण एव्हाना ते जुन्या तुकड्याचा चुरा नव्या पेंढ्यात मिसळायला शिकले होते. माझी गरज उरली नव्हती. तोंडाला पंचा गुंडाळून ते पिशव्या ठेवलेल्या खोलीत जात आणि बाहेर येऊन पायरीवर धापा टाकत बसत. मी कुंपणापलीकडून बघायची. दुसरं काही करता येत नव्हतं.

थंडी पडायच्या सुमारास काका गेले.

तेराव्यानंतर मी फिनेल घेऊन ती खोली साफ करायला गेले. एकेक पिशवी बाहेर काढून जाळली. शेवटची उचलली, तेव्हा ज्यांनी या पिशव्यांना वर्षभर शिव्या घातल्या त्या काकूंनी माझा हात धरला. "ही ऱ्हाऊ दे. त्यांच्या हातचा जिता येवढाच उरलाय."

घरात नको, एवढं मी कसंबसं कबूल करून घेतलं. आता ती पिशवी मागच्या पायरीवर असते. आंघोळ झाली की काकू तुळशीला पाणी घालतात आणि ओला हात पिशवीवर झटकतात. मी रोज त्याआधी फुलं न्यायच्या निमित्तानं जाते आणि रात्रीतून आलेल्या कळ्या उमलून धूळ सोडायच्या आत खुडून घेते.

परवा त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मी अजून तिथेच होते. त्यांनी पिशवीवर ओला हात झटकला.

"हे गेल्यापास्नं ह्याच्यावर येकपण उमलला नाय बघ," त्या म्हणाल्या. "त्यालापण समाजला असंल."

"असेल, काकू," मी म्हटलं. मूठ पदराखाली घट्ट मिटलेली होती.