बांगड्या वाढवायच्या असतात

विषानं तिच्या पापण्या मिटल्या होत्या, हातपाय लुळे पडले होते, श्वास मशीन देत होती. पण कान शाबूत होते. नाग डसलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं, हे गोंदियाच्या त्या आयसीयूत मी कितीदा बोंबलून सांगायचं!

दोन हजार सालानंतरचे ते दिवस, रोवणीचे. धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटताना तिच्या हाताला नाग डसला. हात कोपरापर्यंत सुजला, बांगड्या मांसात रुतल्या.

"सिस्टर, चूडियाँ तोड़ दो," नवे डॉक्टर मोठ्यानं म्हणाले.

तोड़ दो! हिंदी इथं कोणाला कळत नाही? आमच्याकडे बाई बांगड्या 'वाढवते'. फोडतात त्या नवरा गेल्यावर. सुजेपायी बांगड्या वाढवतोय, हे सांगायला मी तिच्या कानाशी वाकणार, तोच पलीकडचा पेशंट नळी उपसायला लागला. खाटा आठ, सिस्टर दोघी. मी तिकडे धावले अन् इकडे दुसरीनं कडाकड बांगड्या फोडल्या.

परत आले तर मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाडी भडकली, मॉनिटर किंचाळायला लागला.

"दर्द होगा, नींद का इंजेक्शन दे दो."

"सर, तिला वाटतंय नवरा मेला!"

ते पुढच्या खाटेकडे गेलेसुद्धा. मी तिच्या कानात ओरडले, "बाई, तुमचा माणूस जिवंत आहे, बाहेर बसलाय." पण परकीचं कोण खरं मानतं? नाडी उतरेना. हिचं काळीज बंद पडतं की काय!

नातेवाइकांना आत सोडायची वेळ संध्याकाळची. गेला तो नियम खड्ड्यात! व्हरांड्यातून नवऱ्याला दंडाला धरून आणलं. आणि हा बाप्या मुका! चारचौघांत बायकोशी कधी बोललाच नव्हता. खांद्यावरचा दुपट्टा चुरगाळत नुसता बघत राहिला. तिला कुठं दिसत होतं?

"भाऊ, बोला! काहीही बोला!" मी खेकसले.

तो खाकरला. "अवो... म्हैस धार देऊन नाही रायली. कोणालेच जवळ येऊ देत नाही. अन् तू अठी झोपून रायलीस!"

मॉनिटरवरचा आकडा थबकला. मग खाली सरकला. अजून थोडा.

"सिस्टर! इनको किसने अंदर लिया? बाहर निकालो!" मागून डॉक्टर गरजले.

मी वळलेसुद्धा नाही. पायानं स्टूल ओढून त्याच्याकडे सरकवलं.

"हं, भाऊ. मग म्हशीचं काय झालं?"